हवेच्या प्लाझ्मासाठी फायबर स्पेक्ट्रोमीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाने हवेतील विद्युत विसर्जनाचा, म्हणजे हवेतून वीज वाहताना पडणारा, प्रकाश तपासण्यासाठी एक लहान फायबर स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे काचतंतूतून आलेला प्रकाश तरंगलांबीनुसार विभागून दाखवणारे उपकरण, विकत घेतला. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांसाठी तो हवा होता, आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ‘हवेतील प्रदूषके ओळखण्यासाठी उपयुक्त’ असे ठळक अक्षरांत छापलेले असल्यामुळे खरेदी समितीचीही त्याला लगेच मान्यता मिळाली. गेले आठ महिने हे उपकरण जवळजवळ रोज वापरात आहे. अशी खरेदी करण्याच्या विचारात असलेल्या प्राध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे मांडलेले बहुतेक गुणदोष या वर्गातील सगळ्याच उपकरणांना थोड्याफार फरकाने लागू पडतात.

उपकरण कंपासपेटीपेक्षा थोडे जाड आहे आणि ते एका तळहातावर मावते. आत २५ मायक्रॉनची स्लिट (बारीक फट), प्रकाश तरंगलांबीनुसार फाकवणारा एक विवर्तन जालक, दोन आरसे आणि तो प्रकाश टिपणारा ३६४८ पिक्सेलचा रेषीय सीसीडी शोधक अशी मांडणी आहे. हलणारा भाग एकही नाही, वीज यूएसबीच्या तारेतूनच मिळते आणि प्रकाश फायबरमधून आत येतो. २०० ते १००० नॅनोमीटरपर्यंतचा संपूर्ण वर्णपट एका क्षणात पडद्यावर उमटतो. जुन्या मोनोक्रोमेटरवर चकती फिरवत, एकेक तरंगलांबी वहीत टिपत ज्यांनी उमेदवारी केली आहे, त्यांना ही सोय किती मोठी आहे हे निराळे सांगायला नको. ठिणगीसारखा क्षणाक्षणाला बदलणारा प्रकाश अभ्यासताना सर्व रेषा, म्हणजे प्रत्येक अणूच्या ठरावीक तरंगलांब्यांची शिखरे, एकाच वेळी मिळणे ही गरजच असते, कारण चकती फिरेपर्यंत ठिणगी पहिल्यासारखी राहत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही पाऱ्याचा दिवा लावून तरंगलांबीची खातरजमा केली. २५३.६५, ४०४.६६, ४३५.८३ आणि ५४६.०७ नॅनोमीटरच्या रेषा ०.२ नॅनोमीटरच्या आत जागेवर सापडल्या. प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला साधारण तेवढेच अंतर येत असल्यामुळे ही कामगिरी चांगली म्हणावी लागेल. विभेदनक्षमता, म्हणजे जवळच्या दोन रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता, मात्र माहितीपत्रकात १ नॅनोमीटर लिहिलेली असली, तरी ५४६ च्या हिरव्या रेषेची अर्ध्या उंचीवरची रुंदी आम्हाला १.४ नॅनोमीटर मिळाली. पाऱ्याची पिवळी जोडी, म्हणजे ५७६.९६ आणि ५७९.०७, दोन शिखरांत वेगळी दिसते, सोडियमची ५८९.० आणि ५८९.६ ही जोडी एकच शिखर बनून येते. हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढे त्यानेच आमचे दोन दिवस खाल्ले.

विश्वकोशात प्लाझ्माला, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या वायूला, ‘आयनद्रायू’ असा नेटका शब्द आहे, पण प्रयोगशाळेत सगळे प्लाझ्माच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवतो. आमच्याकडे हवेच्या प्लाझ्माचे दोन स्रोत आहेत. पहिल्यात काचेच्या पट्टीने झाकलेल्या दोन सपाट इलेक्ट्रोडांमध्ये मंद जांभळे विसर्जन होते. दुसऱ्यात तांब्याच्या दोन टोकांमध्ये तीन मिलिमीटरच्या फटीत ठिणगी पडते. जांभळ्या विसर्जनासमोर फायबर धरला की पडद्यावर नायट्रोजनच्या रेण्वीय पट्टांची (रेणूच्या दाटीवाटीच्या रेषांनी बनलेल्या शिखरांची) रांग उभी राहते: ३१५.९, ३३७.१, ३५७.७, ३८०.५. सर्वांत उंच शिखर ३३७.१ चे असते. प्रत्येक पट्टाची लांब तरंगलांबीकडची कड कड्यासारखी सरळ तुटलेली असते आणि आखूड तरंगलांबीकडे तो उतारासारखा हळूहळू विरत जातो. विद्यार्थ्यांनी पुस्तकातल्या आकृतीत पाहिलेला हा आकार स्वतः लावलेल्या विसर्जनातून येताना पाहिला, तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती माझ्या चांगलीच लक्षात आहे.

हे पट्ट जिच्यातून निघतात ती नायट्रोजन रेणूची उत्तेजित पातळी सुमारे ११ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे. शेजारचा ३९१.४ चा पट्ट आयनित नायट्रोजनचा असून त्याची पातळी गाठायला मूळ रेणूपासून १८.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. त्यामुळे ३९१.४ आणि ३३७.१ या दोन शिखरांच्या उंचीच्या गुणोत्तरावरून विसर्जनातील इलेक्ट्रॉन किती ऊर्जावान आहेत आणि तिथले विद्युत क्षेत्र किती तीव्र आहे याचा अंदाज बांधता येतो. प्लाझ्मात कोणतीही सळई न घालता, केवळ त्याचा प्रकाश पाहून हे कळते. या एका कामासाठी सुद्धा मी हे उपकरण पुन्हा घेईन. ठिणगीच्या वर्णपटात त्याशिवाय ३०९ च्या आसपास बाष्पापासून बनणाऱ्या हायड्रॉक्सिलचा पट्ट, ७७७ ला ऑक्सिजनच्या अणूच्या तीन रेषांचे एकत्र शिखर आणि इलेक्ट्रोडच्या तांब्याच्या ३२४.७, ३२७.४, ५१०.६, ५१५.३ व ५२१.८ या रेषा मिळतात. ऑगस्टच्या दमट हवेत हायड्रॉक्सिलचा पट्ट ठसठशीत होता आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत तो बसला. हवेतील बाष्पाचा असा माग लागल्याने विद्यार्थ्यांना ऋतू मोजल्याचा आनंद झाला.

आता दोषांकडे वळतो. पहिला दोष जालकाच्या दुसऱ्या कोटीचा आहे. जालक ३३७.१ नॅनोमीटरचा प्रकाश बरोबर दुप्पट अंतरावर, म्हणजे ६७४.२ ला, पुन्हा एकदा फेकतो. तो अडवण्यासाठी शोधकावर किंवा फायबरच्या तोंडाशी गाळणी असावी लागते. आमच्या उपकरणात ती नव्हती आणि दरपत्रकात ती ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळी लावलेली होती, हे आमच्या नंतर ध्यानात आले. पहिल्या महिन्यात ६३२, ६७४ आणि ७१५ ला दिसणारी शिखरे कोणाची, यावर बराच खल झाला. शेवटी ५०० च्या खालचा प्रकाश अडवणारी एक पिवळी काच फायबरसमोर धरली आणि तिन्ही शिखरे एकदम नाहीशी झाली. याहून कपटी प्रकार म्हणजे सायनोजेन मूलकाच्या (कार्बन आणि नायट्रोजनच्या जोडीच्या) ३८८.३ च्या पट्टाची दुसरी कोटी ७७६.६ ला येते आणि ऑक्सिजनच्या ७७७.४ च्या शिखरावर चपखल बसते. म्हणजे ठिणगीत धूर शिरला की ऑक्सिजनचे अणू वाढल्यासारखे दिसतात. हवेच्या प्लाझ्मासाठी ही गाळणी अत्यावश्यक आहे आणि विक्रेत्यांनी ती ऐच्छिक म्हणून विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा त्रास विजेच्या गोंगाटाचा. ठिणगी पडताक्षणी संगणकाशी असलेली जोडणी तुटायची, सॉफ्टवेअर गोठायचे आणि सगळे पुन्हा सुरू करावे लागायचे. मदतवाहिनीवरून ‘तार बदलून पाहा’ यापलीकडे सल्ला मिळाला नाही. आम्ही उपकरण पत्र्याच्या खोक्यात ठेवले, खोक्याला अर्थिंग दिले, अर्ध्या मीटरचा फायबर काढून दोन मीटरचा लावला आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवला. तेव्हापासून जोडणी तुटलेली नाही. फायबर काचेचा असल्यामुळे त्यातून प्रकाश येतो, गोंगाट येत नाही, हा या रचनेचा मोठा फायदा आहे आणि त्यासाठी फायबर लांब घेणेच शहाणपणाचे.

आता त्या दोन दिवसांविषयी. सप्टेंबरमध्ये एका विद्यार्थिनीने रस्त्याकडच्या खिडकीतून नळीने हवा ओढून ती ठिणगीच्या फटीवरून सोडली. उपकरणासोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये शिखरांना आपोआप नावे देण्याची सोय आहे. त्या सोयीने ४०५.८ च्या शिखरावर ‘शिसे’ अशी चिठ्ठी लावली. शिशाची सर्वांत ओळखीची रेषा ४०५.७८ ला आहे हे खरे. विद्यार्थिनी धावतच माझ्याकडे आली, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही ते पटले. रस्त्यावर बॅटऱ्या दुरुस्त करणारी दुकाने आहेत, तेव्हा शिसे असणे अशक्य नव्हते.

परंतु नायट्रोजनच्या त्याच पट्टमालेतला एक पट्ट ४०५.९ ला येतो. १.४ नॅनोमीटर विभेदनक्षमतेच्या उपकरणाला ४०५.७८ आणि ४०५.९ यांतला फरक दिसणे शक्यच नाही. मग निवाडा कसा करायचा? ३८०.५ आणि ४०५.९ हे दोन्ही पट्ट नायट्रोजनच्या एकाच वरच्या पातळीतून निघतात, त्यामुळे त्यांच्या तीव्रतेचे गुणोत्तर विसर्जन कसेही असले तरी बदलत नाही. दुसरा पहिल्याच्या सुमारे ०.३ पट असतो. आमच्या वर्णपटात ते गुणोत्तर नेमके तेवढेच आले, म्हणजे शिशासाठी काही शिल्लकच उरत नव्हते. खात्रीसाठी नायट्रोजनच्या सिलिंडरमधला शुद्ध वायू सोडला, तरी ‘शिसे’ तिथेच होते. उलट बाजूने तपासायला एका इलेक्ट्रोडच्या टोकाला शिसेयुक्त सोल्डर लावले, तेव्हा ४०५.८ चे शिखर तर वाढलेच, पण सोबत ३६४.० आणि ३६८.३ या शिशाच्या आणखी दोन रेषाही उभ्या राहिल्या. खिडकीच्या हवेत त्या दोन्ही नव्हत्या. त्या विद्यार्थिनीने ही तपासणी स्वतः पूर्ण केली आणि आपल्या प्रकल्प-अहवालात या तपासणीला एक संपूर्ण प्रकरण दिले. माझ्या मते तिच्या अहवालातले तेच सर्वोत्तम प्रकरण आहे. सॉफ्टवेअरची आपोआप नावे देण्याची सोय मात्र आम्ही त्या दिवसापासून बंद करून टाकली. एखादे मूलद्रव्य आहे असे म्हणण्यासाठी त्याच्या निदान दोन-तीन रेषा एकत्र मिळाल्या पाहिजेत, ही साधी अट ते सॉफ्टवेअर पाळत नाही.

यातूनच माहितीपत्रकातील प्रदूषकांच्या दाव्याकडे येतो. आपल्याकडे २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेतील शिशाची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे. एका घनमीटरात एक अब्ज घनमिलिमीटर असतात आणि आमच्या ठिणगीचे आकारमान फार तर काही घनमिलिमीटर. म्हणजे हवा मर्यादेच्या काठावर असली, तरी ठिणगीच्या वाट्याला येणारे शिसे एका ग्रॅमच्या एक अब्जांश भागाचाही दशलक्षांश भाग, अशा काही भागांइतकेच असते. ते या शोधकाला सरळ हवेतून दिसेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे. म्हणूनच अधिकृत पद्धतीत कित्येक घनमीटर हवा गाळणीच्या कागदातून ओढून शिसे आधी कागदावर गोळा करतात आणि नंतर प्रयोगशाळेत मोजतात. त्या मोजणीसाठी जी प्रेरणयुग्मित प्लाझ्माची यंत्रे वापरतात त्यांतही तत्त्व हेच, उत्सर्जनाचेच असते, मात्र तिथला प्लाझ्मा आर्गनचा, स्थिर आणि हजारो अंश तापमानाचा असतो.

वायुरूप प्रदूषकांची गोष्ट अधिक अवघड आहे. नायट्रोजन डायऑक्साइडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्ज भागांत सुमारे ४२ भाग आहे. पण हवेत ठिणगी पाडली की ती ठिणगीच नायट्रोजन आणि ऑक्सिजन जोडून नायट्रिक ऑक्साइड तयार करते. नॉर्वेत १९०३ पासून बर्कलंड आणि आयडे यांनी विजेच्या कमानीतून हवा सोडून खतासाठी नायट्रोजन बांधण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यात बाहेर पडणाऱ्या हवेत एक ते दोन टक्के नायट्रिक ऑक्साइड मिळत असे. आमची ठिणगी इतकी जोरकस नाही, तरीही २२७ ते २६० नॅनोमीटरच्या टापूत नायट्रिक ऑक्साइडचे जे पट्ट दिसतात ते तिनेच बनवलेल्या वायूचे असतात आणि त्यांच्या प्रकाशात रस्त्यावरच्या वाहनांचे योगदान शोधणे म्हणजे ढोलताशांच्या गजरात कुजबुज ऐकणे. शहरांतील सरकारी स्वयंचलित केंद्रांत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतात ती ओझोनशी अभिक्रिया घडवून निघणाऱ्या थंड प्रकाशावरून. तेही उत्सर्जनच आहे, पण त्या अभिक्रियेत नवे नायट्रिक ऑक्साइड तयार होत नाही, म्हणून तो आकडा विश्वासार्ह असतो.

कार्बनी धुराबाबत उपकरण अधिक कामाचे ठरले, पण तिथेही सावध राहावे लागते. फटीखाली उदबत्ती धरली आणि धुराची बारीक रेघ ठिणगीत शिरली की ३८८.३ चा सायनोजेनचा पट्ट झपाट्याने वर येतो, आणि ७६६.५ व ७६९.९ ला पोटॅशियमची स्वच्छ जोडी दिसते. लाकूड, पालापाचोळा, गोवऱ्या अशा वनस्पतिजन्य पदार्थांच्या धुरात पोटॅशियम असतेच, त्यामुळे ही जोडी फार बोलकी आहे. ऑक्सिजनच्या शिखराच्या डाव्या अंगाला एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या या दोन रेषा उदबत्ती दूर नेली की दोन-तीन सेकंदांत खाली बसतात. सायनोजेनचा पट्ट मात्र पूर्ण जात नाही, कारण स्वच्छ हवेतही कार्बन डायऑक्साइड असतो आणि प्लाझ्मा पुरेसा तप्त असेल तर त्याच्याही कार्बनपासून थोडे सायनोजेन बनते. म्हणून आम्ही प्रत्येक नमुन्याआधी आणि नंतर गाळलेल्या हवेचे कोरे वाचन घेतो.

सर्वांत समाधानकारक काम दिवाळीत झाले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर पंप लावून गाळणीच्या कागदावर धूळ गोळा केली आणि कागदाचा तुकडा इलेक्ट्रोडवर ठेवून त्यावर ठिणगी पाडली. बेरियमच्या ४५५.४, ४९३.४ आणि ५५३.५ या रेषा ठळक आल्या. फटाक्यांतील बेरियमच्या क्षारांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बंदी घातलेली असल्यामुळे विद्यार्थ्यांनी लगेच निष्कर्ष काढला. मी कोरा कागद तपासायला सांगितला, आणि कोऱ्या कागदानेही बेरियम दिले: कागद काचतंतूचा होता आणि त्या काचेतच बेरियम असते. दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या रात्री, सेल्युलोजचा कागद वापरला. त्याचे कोरे वाचन स्वच्छ होते, आणि गच्चीवरच्या कागदाने बेरियमबरोबर स्ट्रॉन्शियमच्या ४०७.८ व ४६०.७ या रेषाही दिल्या. किती होते हे आम्ही सांगू शकत नाही, कारण प्रमाण ठरवण्यासाठी लागणारे प्रमाणित नमुने आमच्याकडे नाहीत. पण होते, एवढे ठामपणे सांगता येते. आधी गोळा करा, मग ठिणगी पाडा, या मार्गाने गेल्यास धातूंसाठी हे उपकरण खरोखर उपयोगी आहे.

तापमानाच्या मोजणीबाबत दोन शब्द. नायट्रोजनच्या पट्टांच्या एकमेकांशी असलेल्या उंचीवरून रेणूंच्या कंपनाचे तापमान सहज निघते. रेणूंच्या भ्रमणाचे (स्वतःभोवती फिरण्याचे) तापमान, जे वायूच्या खऱ्या तापमानाच्या जवळ असते, ते पट्टाच्या उताराच्या आकारावरून काढावे लागते, आणि १.४ नॅनोमीटरला त्यातल्या सुट्या रेषा दिसत नाहीत. ‘स्पेकएअर’सारख्या संगणक-कार्यक्रमातून गणिताने काढलेला वर्णपट आपल्या वर्णपटावर बसवून अंदाज मिळतो, पण त्यात शंभर-दोनशे केल्व्हिनची चूक सहज राहते. शोधनिबंधासाठी तापमान हवे असेल तर जास्त विभेदनाचे, मोठे उपकरणच लागेल.

किंमत वस्तू व सेवा करासह पावणेतीन लाख रुपये पडली. गाळणी आणि लांब फायबर धरून ती तीन लाखांच्या वर गेली. सोबत मिळालेला फायबर अतिनील प्रकाशाने सात महिन्यांत काळवंडला. २५० नॅनोमीटरच्या खालचा संकेत आता निम्म्याहून कमी येतो, त्यामुळे सुरुवातीलाच अतिनील-सहनशील फायबर मागून घ्यावा, थोडे पैसे जास्त पडले तरी. मार्चपासून प्रयोगशाळा तापू लागली तशा रेषाही ०.३ नॅनोमीटरने सरकल्या. सकाळी पाऱ्याच्या दिव्यावर तपासणी करण्याची सवय लावून घेतल्यावर तोही प्रश्न मिटला. विसर्जन चालू असताना ओझोन बनतो, तेव्हा खेचक पंख्याशिवाय हे काम बंद खोलीत करू नये.

प्लाझ्मा शिकवण्यासाठी, विसर्जनाचे निदान करण्यासाठी आणि कागदावर गोळा केलेल्या धुळीतील धातू ओळखण्यासाठी हे उपकरण घ्यावे, असे मी निःसंकोच सुचवेन. पण हवेच्या गुणवत्तेचे आकडे हवे असतील, किंवा संस्थेला ‘प्रदूषणमापक यंत्र’ बसवायचे असेल, तर हे पैसे इथे घालू नयेत. आम्ही काळवंडलेला फायबर दृश्य रेषांसाठी बाजूला ठेवला आहे आणि नव्याची मागणी गेल्या आठवड्यात नोंदवली आहे. या वेळी गाळणी त्याच मागणीपत्रात, पहिल्या ओळीत लिहिली आहे.